कंट्रोल-टॅब दाबल्यावर काय व्हावं, हे कुणी ठरवायचं?

कंट्रोल-टॅब दाबल्यावर शेजारची टॅब उघडली पाहिजे. उजवीकडची. सोबत शिफ्ट धरलं तर डावीकडची. माझं म्हणणं एवढंच आहे. ही काय लेख लिहायची गोष्ट आहे का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण गेली काही वर्षं मी ज्या लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर माझं मत झालं आहे की या दोन बटणांच्या बाबतीत आमच्या धंद्याने जो बेजबाबदारपणा चालवला आहे, तो दुसऱ्या कुठल्याही धंद्याने केला असता तर त्याचं ऑडिट नापास झालं असतं.

मी २८ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहायला लागलो. हिंजवडीतले मित्र विचारतात, ‘डेस्कटॉप? अजून असतं ते?’ असतं. तळवड्यापासून चाकणच्या खराबवाडी-महाळुंगेपर्यंत जितक्या शेड आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या कोपऱ्यात प्लायवूडचं एक केबिन असतं आणि त्यात तेलकट कीबोर्ड असलेला एक कॉम्प्युटर असतो. त्यावर टॅली असतं, एक्सेल असतं, इन्स्पेक्शन रिपोर्टचं काहीतरी असतं, डिस्पॅचचं काहीतरी असतं. तिथे बसणारी व्यक्ती माउसला क्वचित हात लावते. तिची बोटं चालतात.

आणि या बोटांना आम्ही रोज फसवतो.

आधी यादी

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एकाच खिडकीत अनेक कागद उघडे असतात, त्यांची वरच्या बाजूला ओळीने दिसणारी टोकं म्हणजे टॅब. एका कागदावरून दुसऱ्यावर जायला माउसने टोकावर क्लिक करायचं किंवा कीबोर्डवरची दोन बटणं दाबायची. दिवसाला दहा वेळा करायचं असेल तर माउस चालतो. पाचशे वेळा करायचं असेल तर बटणंच लागतात.

आता बघा. क्रोममध्ये कंट्रोल-टॅब दाबलं की उजवीकडची टॅब येते. व्हीएस कोडमध्ये तेच दाबलं की शेवटी जी फाइल बघत होतात ती येते, मग ती ओळीत कुठेही असो. फायरफॉक्समध्ये तुम्ही कधीपासून आहात त्यावर उत्तर अवलंबून आहे. २०१८ साली आलेल्या ६३व्या आवृत्तीपासून नव्या लोकांसाठी ‘अलीकडे वापरलेली आधी’ हा क्रम मुळातच चालू ठेवला गेला, जुन्यांचा तसाच राहिला. म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचं एकच ब्राउझर, एकच आवृत्ती, पण बटण वेगळं वागणार.

आकड्यांचं बघू. विंडोजवर क्रोममध्ये कंट्रोल-१ म्हणजे पहिली टॅब. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-१ म्हणजे पहिला ‘गट’, आणि पहिल्या टॅबसाठी ऑल्ट-१. फायरफॉक्समध्ये विंडोजवर कंट्रोल-१, लिनक्सवर ऑल्ट-१. ग्नोमच्या टर्मिनलमध्ये पुढच्या टॅबसाठी कंट्रोल-पेजडाउन, केडीईच्या कॉन्सोलमध्ये शिफ्ट आणि उजवा बाण. एक्लिप्समध्ये कंट्रोल-एफ६. व्हिममध्ये जी आणि मग टी.

माझी आवडती जोडी शेवटी ठेवली आहे. इंटेलिजेमध्ये, विंडोजवर, आधीच्या टॅबवर जायला ऑल्ट आणि डावा बाण. ब्राउझरमध्ये ऑल्ट आणि डावा बाण म्हणजे आधीच्या पानावर परत जा. तुम्ही ब्राउझरमध्ये अर्धा फॉर्म भरून ठेवलेला आहे, हाताला इंटेलिजेची सवय आहे, आणि तुम्हाला फक्त बाजूच्या टॅबमध्ये डोकवायचं आहे. पान मागे गेलं. फॉर्ममध्ये भरलेलं परत मिळेल की नाही, ते तुमच्या नशिबावर.

यातल्या प्रत्येक निर्णयाला त्या-त्या ठिकाणी काहीतरी कारण होतं. मी त्या कारणांची थट्टा करत नाही. पण यातल्या एकानेही शेजारच्या घरात काय चाललंय याचा विचार केला असेल असं दिसत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम असं धरून चालतो की वापरणारा दिवसभर फक्त त्यालाच वापरतो. प्रत्यक्षात माणूस आठ तासांच्या पाळीत चार-पाच प्रोग्रॅम वापरतो, आणि हात एकच जोडी असतात.

संकेत नव्हता असं नाही

‘याबाबत कधी ठरलेलंच नव्हतं,’ असा एक बचाव असतो. तो खरा नाही.

१९८७ साली आयबीएमने ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली. एफ१ म्हणजे मदत, ऑल्ट-एफ४ म्हणजे खिडकी बंद, ही आज आपल्याला निसर्गनियम वाटणारी बटणं त्या परंपरेतून आलेली आहेत. विंडोजमध्ये एका खिडकीच्या आत अनेक कागद उघडण्याची पद्धत आली तेव्हा आतल्या कागदांसाठी कंट्रोल-एफ६ आणि कंट्रोल-टॅब ठरले. बाहेरच्या खिडक्यांसाठी ऑल्ट, आतल्या कागदांसाठी कंट्रोल: एका वाक्यात सांगता येईल अशी ही विभागणी होती. विंडोज ९५च्या सेटिंगच्या चौकटींमध्ये टॅब आल्या, तिथेही कंट्रोल-टॅब चाललं. ब्राउझरांनी टॅब आणल्या तेव्हा तेच घेतलं.

बदल करायचाच असेल तर तो कसा करावा याचंही उदाहरण आहे. कट, कॉपी, पेस्टसाठी विंडोजमध्ये पूर्वी शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट, शिफ्ट-इन्सर्ट अशी बटणं होती. ॲपलने १९८० च्या दशकात लिसा आणि मॅकवर एक्स, सी, व्ही ही शेजारची अक्षरं घेतली होती. मायक्रोसॉफ्टनेही पुढे तीच अक्षरं कंट्रोलबरोबर स्वीकारली. म्हणजे जगाच्या जवळ जाणारा बदल केला. पण जुनी बटणं काढून टाकली नाहीत. आज तुमच्या विंडोजवर शिफ्ट-इन्सर्ट दाबून बघा, बहुतेक ठिकाणी पेस्ट होईल. तीस वर्षांहून जास्त काळ कुणीतरी ते दुसरं दार उघडं ठेवलं आहे, कारण कुणाच्या तरी बोटांना ते माहीत आहे.

टॅलीचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना जवळचं. २०२० च्या अखेरीस टॅली प्राइम आलं आणि टॅली ईआरपी ९ वर हात बसलेल्या हिशेबनिसांना बरीच बटणं नव्याने शिकावी लागली. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८ वरून ऑल्ट-एफ६ वर गेली, डेबिट नोट कंट्रोल-एफ९ वरून ऑल्ट-एफ५ वर. कंपनी निवडायला एफ१ होतं, ते एफ३ झालं. यातला शेवटचा बदल मी समजू शकतो, कारण एफ१ म्हणजे मदत हा सगळ्या जगाचा संकेत आहे आणि टॅली त्या संकेताच्या जवळ आलं. शिवाय एफ४ ते एफ९ ही व्हाउचरची बटणं आणि कंट्रोल-ए त्यांनी हलवलं नाही. रोजच्या पोटापाण्याची बटणं ती हीच. तरीही त्या काळात भोसरीतल्या किती अकाउंटंटांच्या मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटलेल्या मी पाहिल्या! ती चिठ्ठी म्हणजे त्या बदलाचं बिल. ते कंपनीच्या ताळेबंदात कुठे दिसत नाही, कारण ते भरतो वापरणारा.

‘ऑपरेटरची चूक’

आता बिल मोठं झालं की काय होतं ते सांगतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात आमचं इन्स्पेक्शनचं सॉफ्टवेअर आहे. डिस्पॅचचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाचं तरी. तिथे डिस्पॅच बघणाऱ्या ताई संध्याकाळी तीन डिलिव्हरी चलनं एकदम उघडून ठेवतात, तीन टॅबमध्ये, आणि गाड्या लागतील तसे गाडी नंबर भरत जातात. पहिल्या चलनावरून तिसऱ्यावर जायचं तर कंट्रोल-टॅब दोनदा. स्क्रीनकडे त्या बघतही नाहीत, त्यांचे डोळे गेटपासच्या कागदावर असतात.

एका आठवड्यात त्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. टॅबचा क्रम ‘ओळीने’ऐवजी ‘अलीकडे वापरलेली आधी’ असा झाला. अपडेटच्या माहितीत एक ओळ होती: टॅब बदलण्याचा अनुभव सुधारला आहे.

या नव्या क्रमात बटण सोडून परत दाबलं तर काय होतं ते नीट बघा. पहिल्यांदा दाबल्यावर आधी बघितलेली टॅब येते. दुसऱ्यांदा दाबल्यावर तिच्या आधी बघितलेली, म्हणजे जिथून निघालात तीच. दोनदा दाबून माणूस जागच्या जागी. तिन्ही चलनांचा चेहरामोहरा एकच, फरक फक्त वरच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतल्या नंबरचा. ताईंनी तिसऱ्या गाडीचा नंबर पहिल्या चलनात भरला. गाडी ग्राहकाच्या गेटवर अडकली, कारण चलनावरचा नंबर आणि नंबरप्लेट जुळेना. चलन रद्द करून नवं काढेपर्यंत अडीच तास गेले.

‘सर, मी दोनदाच दाबलं. रोज दोनदाच दाबते,’ त्या मला म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी रोजच्यासारखंच दाबलं होतं. पण त्या घटनेच्या कागदावर कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं: ऑपरेटरची चूक. उपाययोजना: ऑपरेटरला समज दिली.

मला चीड येते ती इथे. ज्याने बटणाचा अर्थ बदलला त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नाही.

जे बोल्टला लागू ते बटणाला का नाही?

या पट्ट्यात काम करणाऱ्यांना मला काही नवीन शिकवायचं नाही. उलट आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी इथून शिकायला हवं.

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये जा, भिंतीवर ‘फोर-एम चेंज’चा फलक दिसेल. मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. या चारांपैकी काहीही बदललं, ऑपरेटर बदलला, डाय दुसऱ्या प्रेसवर चढवली, स्टीलचा पुरवठादार बदलला, पद्धतीत एक पायरी इकडची तिकडे झाली, की नोंद करायची, पहिले नग वेगळे तपासायचे, आणि बदल महत्त्वाचा असेल तर माल जायच्या आधी ग्राहकाला कळवायचं. ब्रॅकेटचं एक भोक अर्धा मिलिमीटर सरकवायचं तरी ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघते आणि जुनी परत गोळा केली जाते. हे कंटाळवाणं आहे. पण या कंटाळवाण्या शिस्तीवरच चाकणमधून निघणारी गाडी नीट ब्रेक मारते.

हेच कारखाने ‘पोकायोके’ करतात. जपानमध्ये शिगेओ शिंगोंनी रुजवलेली ही कल्पना: फिक्श्चरच असं बनवा की पार्ट उलटा बसणारच नाही. चूक करू नका असं माणसाला सांगून भागत नाही, चूक होण्याची वाट बंद करावी लागते. म्हणूनच चांगला ऑडिटर ‘पाच वेळा का?’ विचारताना ‘ऑपरेटरची चूक’ हे शेवटचं उत्तर मान्य करत नाही. तो विचारतो, ‘ऑपरेटरला चूक करता आली ती का?’ मग डिस्पॅचच्या केबिनमध्ये, त्याच छपराखाली, तेच उत्तर चालून कसं जातं?

मशिनवरचं लाल मशरूम बटण घ्या. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, तळव्याने दाबलं की मशिन बंद. प्रेस असो, लेथ असो, कन्व्हेयर असो, देशी असो की जर्मन, त्याचा अर्थ बदलत नाही. कुठल्याही मशिनवाल्याला असं वाटत नाही की आपल्या ब्रँडची ओळख म्हणून ते बटण आपण जांभळं करावं. टॅब बदलण्याने कुणाचा हात कापला जात नाही, हे मला कळतं. पण तत्त्व तेच आहे: घाईत, न बघता दाबायच्या गोष्टी सगळीकडे सारख्या असाव्या लागतात, कारण घाईत माणूस विचार करत नाही, आठवतो.

मोटरसायकलचं उदाहरण तर रस्त्यावरच आहे. स्प्लेंडरचे सगळे गिअर पुढच्या बाजूला पायाने दाबत टाकायचे. चाकणला बनणाऱ्या पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. रोज स्प्लेंडर चालवणाऱ्याला मित्राची पल्सर दिली की तिसऱ्यावरून चौथा टाकायला तो पाय दाबतो, गाडी दुसऱ्यावर येते आणि मागे बसलेला त्याच्या पाठीवर आदळतो. त्याला गाडी येत नाही असं कुणी म्हणणार नाही. एके काळी गिअर डाव्या पायाला की उजव्या, हेसुद्धा गाडीगणिक वेगळं असायचं. अमेरिकेने १९७४ मध्ये नियम करून टाकला, गिअर डावीकडे आणि मागचा ब्रेक उजवीकडे, आणि पुढे जवळजवळ सगळं जग तिकडेच गेलं. त्यामुळे मोटरसायकलींमधली कल्पकता संपली असं मी तरी ऐकलेलं नाही.

पान्याचंही तसंच. एम-८ बोल्ट म्हटला की कारागीर न बघता तेरा नंबरचा पाना उचलतो. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवण्याचा प्रस्ताव जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडला, कारण त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. सॉफ्टवेअर आज त्या १८४१ च्या आधीच्या काळात आहे. प्रत्येक शेडचा आटा वेगळा.

‘सेटिंगमध्ये जाऊन बदला की’

हा मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रतिवाद. तो देणाऱ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असतो, स्वतःचं लॉगिन असतं आणि सेटिंग बदलायला वेळ असतो. कारखान्यातला कॉम्प्युटर तीन पाळ्यांत तिघे वापरतात, लॉगिन एकच असतं, आणि सेटिंगला आयटीवाल्यांनी कुलूप लावलेलं असतं. रात्रपाळीच्या माणसाने आपल्या सवयीप्रमाणे बदल केला तर सकाळपाळीचा माणूस फसणार. अशा ठिकाणी जे मुळात दिलेलं असतं तेच खरं. सेटिंग हे चुकीच्या मूळ निवडीवरचं उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे: ‘अलीकडे वापरलेली आधी’ हाच क्रम चांगला. दोन फाइलींमध्ये सतत ये-जा करायची असेल तर त्यात एकच दाब पुरतो, आणि ऑल्ट-टॅब खिडक्यांच्या बाबतीत हेच तर करतं, मग सुसंगती तुमच्या बाजूला की आमच्या? प्रश्न योग्य आहे. मी स्वतः कोड लिहिताना तो क्रम वापरतो आणि मला तो आवडतो. पण खिडक्या एकावर एक पडलेल्या असतात. त्यांना डोळ्यांना दिसणारा क्रम नाही, म्हणून ‘शेवटी कुठली होती’ हाच एक क्रम उरतो. टॅब ओळीत दिसतात. जे डोळ्यांना ओळीत दिसतं ते बोटांनाही ओळीतच लागलं पाहिजे. शिवाय ओळीचा क्रम मी कुठून आलो यावर अवलंबून नसतो. तिसरी टॅब पहिल्यापासून दोन दाबांवर, आजही आणि उद्याही. ‘अलीकडची आधी’ या क्रमात तेच दोन दाब दर वेळी वेगळीकडे नेतात. असा क्रम हवा त्याला जरूर द्या, पण वेगळ्या बटणावर, किंवा मागून घेण्याची सोय म्हणून.

ज्याला स्क्रीन दिसतच नाही, त्याच्यासाठी तर हा प्रश्न आवडीनिवडीच्या पलीकडचा आहे. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक अंध माणसं काम करतात. त्यातलं एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २००६ पासून मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभं केलं. अशा माणसाला टॅबची ओळ आठवणीत ठेवावी लागते: पहिली ही, दुसरी ती. प्रत्येक दाबाबरोबर क्रमच बदलत असेल तर आठवायचं काय? वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमावलीत सारख्या गोष्टी सगळीकडे सारख्या ठेवा, हे स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. उतार बांधले, ते चांगलंच. कीबोर्डचा उतार कोण बांधणार?

तिसरा प्रतिवाद: ‘आता बटणं दाबतंय कोण? सगळं स्पर्शाने, बोलून, एआयने होणार.’ होईल तेव्हा होईल. तोवर चलनं कीबोर्डवर निघत आहेत.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको

खरं तर या दुखण्याची आपल्याला जुनी ओळख आहे. मराठी टंकलेखन शिकलेल्या माणसाचा हात रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेला. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सगळ्या भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही एक मांडणी आणली, १९९१ मध्ये ती भारतीय मानकात गेली. त्यानंतर उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या पद्धती आल्या, त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या. परिणाम असा की आज एकाच कार्यालयात तीन माणसं तीन प्रकारे ‘क्ष’ काढतात आणि एकमेकांच्या खुर्चीवर बसली की अडाणी होतात.

यात टॅबच्या शॉर्टकटसाठी एक व्यावहारिक धडा आहे. शॉर्टकट अक्षरांवर आणि चिन्हांवर बांधला की तो मांडणीला बांधला जातो. लिनक्सवर काही प्रोग्रॅममध्ये देवनागरी मांडणी चालू असताना कंट्रोल आणि इंग्रजी अक्षराचा शॉर्टकट चालतच नाही, कारण प्रोग्रॅमला ‘सी’ऐवजी देवनागरी अक्षर ऐकू येतं. मॅकवर टॅब बदलायला चौकोनी कंसाचा शॉर्टकट चालतो. पण मॅकच्या जर्मन कीबोर्डवर चौकोनी कंस काढायलाच ऑप्शन धरून पाच किंवा सहा दाबावं लागतं. जर्मन कंपन्यांचे कारखाने असलेल्या चाकणमध्ये हा मुद्दा पुस्तकी नाही. टॅब हे बटण मात्र सगळ्या मांडण्यांमध्ये त्याच जागी, त्याच नावाने असतं. पेजअप-पेजडाउनचीही अडचण आहे. बऱ्याच लॅपटॉपवर ते एफएन धरल्याशिवाय मिळत नाही. म्हणून मुख्य शॉर्टकट कंट्रोल-टॅबच हवा. डाव्या हाताने दाबता येतो, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर किंवा गेटपासच्या कागदावर राहतो.

मग करायचं काय?

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि कुठल्याही टीमला एका आठवड्यात पुऱ्या करता येतील अशा आहेत.

कंट्रोल-टॅब म्हणजे दिसणाऱ्या ओळीतली पुढची टॅब, शिफ्टबरोबर मागची. शेवटच्या टॅबनंतर परत पहिली.

कंट्रोल-पेजडाउन आणि पेजअप हेच काम करणारं दुसरं दार म्हणून उघडं ठेवा. टॅब दोन पातळ्यांवर असतील, तर बाहेरच्यांसाठी कंट्रोल-टॅब आणि आतल्यांसाठी कंट्रोल-पेजडाउन. ही माझी कल्पना नव्हे. एक्सेलमध्ये वर्कबुक आणि त्यातल्या शीट यांच्यात, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग आणि त्यातले लेआउट यांच्यात हेच चालतं. ज्या दोन प्रोग्रॅमवर या पट्ट्यातली निम्मी टेबलं चालतात ते एकमेकांशी जुळतात, आणि आपल्याला नवा नियम शोधायची हौस.

‘अलीकडे वापरलेली आधी’ हा क्रम वेगळ्या बटणावर द्या किंवा मागितला तर द्या. न मागता लादू नका.

आणि बटणाचा अर्थ बदलायचाच असेल तर तो फोर-एम बदल समजा. आधी कळवा, अपडेट आलं त्या दिवशी स्क्रीनवर स्पष्ट सांगा, जुनं बटण निदान काही वर्षं चालू ठेवा. ‘अनुभव सुधारला आहे’ असं लिहू नका. काय होतं आणि काय झालं, ते लिहा.

कारखानदारांनाही एक सांगणं आहे. तुम्ही पुरवठादाराकडून पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागता. सॉफ्टवेअर घेताना रंग, रिपोर्ट आणि किंमत बघता, शॉर्टकटचा तक्ता कधी मागत नाही. मागा. खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक ओळ टाका: बटणांचे अर्थ पूर्वसूचनेशिवाय बदलणार नाहीत. आणि पुढच्या वेळी डिस्पॅचमध्ये गाडी नंबर चुकला, तर कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ लिहायच्या आधी विचारा, त्या आठवड्यात कुठलं अपडेट आलं होतं का.

हा लेख वाचून कुणी म्हणेल, एवढ्याशा दोन बटणांसाठी एवढा आरडाओरडा. एवढीशीच आहेत, म्हणून तर सारखी ठेवायला काही जड नाही. आणि ज्या ताई पाळी संपेपर्यंत ती शेकडो वेळा दाबतात, त्यांना ती एवढीशी वाटत नाहीत.